आपण, तारे आणि धूळ

आपण सारे ताऱ्यांची धूळ आहोत, हे वाक्य गेल्या काही वर्षांत मराठीत फार फिरलं आहे. विज्ञान दिनाच्या भाषणांत ते असतं, कवितासंग्रहांच्या मलपृष्ठांवर असतं, एकदा तर मी ते लग्नपत्रिकेवरही पाहिलं. मी स्वतः ते एका शोकसभेत वापरलं आहे. मित्र गेला होता. वय फार नव्हतं, आणि माझ्या मागे देवाधर्माचं काही बोलू नका असं तो सांगून गेला होता. देवाच्या रिकाम्या जागी ठेवायला काहीतरी हवं होतं, म्हणून हे वाक्य. त्याच्या हाडांतलं कॅल्शियम आणि रक्तातलं लोखंड कोणत्या तरी जुन्या ताऱ्यांत तयार झालं होतं, असं मी म्हणाले. सभागृह गप्प झालं. सभा संपल्यावर त्याच्या आईने माझा हात धरून विचारलं, "म्हणजे तो आता परत ताऱ्यात जाईल का गं?"

मी म्हणाले, "हो, काकू."

ते 'हो' मला बराच काळ डाचत राहिलं. म्हणून ज्या शोधनिबंधापासून ही सगळी कथा पक्की झाली, तो मिळवून वाचला. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी नाही, समीकरणांची पानं मी उलटून पुढे गेले. पण गद्य वाचायची सवय आहे आणि हा निबंध, म्हटलं तर, गद्यच आहे. ऑक्टोबर १९५७मध्ये 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स' या नियतकालिकात तो आला. पानं शंभरावर, लेखक चार: मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉएल. या चौघांच्या आद्याक्षरांवरून खगोलशास्त्रज्ञ त्याला 'बी स्क्वेअर एफ एच' म्हणतात.

निबंधाच्या डोक्यावर शेक्सपिअरची दोन अवतरणं आहेत. एक 'किंग लिअर'मधलं, माणसाची गत तारे ठरवतात अशा अर्थाचं. दुसरं 'ज्युलियस सीझर'मधलं, नेमकं उलटं: खोट ताऱ्यांत नाही, आपल्यातच आहे. दोन्ही एकाखाली एक ठेवून लेखक पुढे जातात, कोणतं खरं ते सांगत नाहीत. मला हा खेळकरपणा आवडला. पण त्याहून लक्षात राहिलं ते असं, की या दोन ओळींनंतर निबंधाला माणसाशी काहीच कर्तव्य उरत नाही. पुढची शंभर पानं एका आलेखाबद्दल आहेत.

विश्वात कोणतं मूलद्रव्य किती आहे, याचा तो आलेख. अशनी, सूर्य आणि इतर तारे यांच्या मापनांवरून हान्स झ्यूस आणि हॅरल्ड युरी यांनी १९५६ साली त्याची आकडेवारी मांडली होती. डावीकडे हायड्रोजन आणि हेलियमचे कडे, मग एकदम दरी, कार्बन-ऑक्सिजनपाशी पुन्हा चढ, पुढे उतार, लोखंडापाशी अचानक एक टेकडी, आणि त्यापलीकडे लांबवर पसरलेलं सखल माळरान, त्यातही मधूनमधून जोडीजोडीने उंचवटे. चौघा लेखकांनी हा आलेख एखाद्या जुन्या पोथीसारखा वाचला. प्रत्येक उंचवटा ही कोणत्या तरी घटनेची खूण. जोड उंचवटे का? तर जड अणुकेंद्रं दोन रीतींनी घडतात. एका रीतीत अणुकेंद्राला एक न्यूट्रॉन मिळतो आणि दुसरा मिळेपर्यंत शेकडो, कधी हजारो वर्षं जातात. दुसरीत न्यूट्रॉनांचा असा मारा होतो, की सारं काही सेकंदांत आटोपतं. दोन्हींच्या खुणा जवळजवळ, पण थोड्या बाजूबाजूला उमटतात. एकाच शेतात दोन वेगळे नांगर फिरल्याचं तासांवरून ओळखावं, तसं त्यांनी ते ओळखलं.

अशा एकूण आठ प्रक्रिया ते मांडतात. आठवीचं नाव एक्स, म्हणजे आपलं 'क्ष'. ड्यूटेरियम, लिथियम, बेरिलियम, बोरॉन ही नाजूक अणुकेंद्रं ताऱ्यांच्या गाभ्यात टिकतच नाहीत, जळून जातात. मग ती आली कुठून? माहीत नाही, म्हणून क्ष. एवढा मोठा दावा करणाऱ्या निबंधाने आपल्या अज्ञानालाही एक क्रमांक द्यावा, याचं मला कौतुक वाटलं. पुढे कळलं की ड्यूटेरियम महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतलं आहे, आणि बेरिलियम व बोरॉन हे विश्वकिरणांच्या धडकेने मोठी अणुकेंद्रं फुटून झालेले तुकडे आहेत. म्हणजे ही धूळ ताऱ्यांची नव्हेच.

आणि मुळात हायड्रोजन! तोही ताऱ्यांचा नाही. माणसाच्या शरीरातले अणू मोजले तर शंभरातले साठाहून अधिक हायड्रोजनचे निघतात. वजनात तो जेमतेम दहावा हिस्सा, पण डोकी मोजायची झाली तर बहुमत त्याचंच. हे अणू कोणत्याही ताऱ्याने घडवलेले नाहीत. म्हणजे लाडकं वाक्य मोजणीच्या कसोटीवर निम्म्याहून जास्त चुकीचं आहे. वजनाने खरं, संख्येने खोटं. कवितेत हे चालून जातं, पण आपण ते विज्ञान म्हणून सांगत असतो.

यामागे एक भांडणही आहे. सारी मूलद्रव्यं विश्वाच्या आरंभीच, एका दमात शिजली, असं जॉर्ज गॅमॉ यांचं मत. हॉएल यांना तो आरंभच मान्य नव्हता. विश्वाला सुरुवात नसेल तर मूलद्रव्यांसाठी चूल दुसरीकडे शोधायला हवी, आणि ती तारे. मराठी वाचकाला हॉएल ठाऊक आहेत ते बहुधा जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू म्हणून, स्थिर विश्वाचा हट्ट न सोडणारे म्हणून. तो हट्ट हरला. पण त्याच हट्टापायी त्यांनी १९४६पासून ताऱ्यांच्या गाभ्यात जे शोधलं, ते टिकलं. गॅमॉंच्या वाट्याला हेलियम आला, हॉएल यांच्या वाट्याला जवळजवळ बाकी सगळं. चुकीच्या कारणासाठी बरोबर जागी खणणारे लोक साहित्याच्या इतिहासात पुष्कळ सापडतात, विज्ञानात ते आपल्याला विचित्र वाटतात इतकंच.

कार्बनची गोष्ट याच काळातली. तीन हेलियम अणुकेंद्रं एकत्र येऊन कार्बन व्हायचा, तर कार्बनच्या अणुकेंद्राला एक विशिष्ट ऊर्जापातळी असायलाच हवी, नाहीतर ताऱ्यांत कार्बन साठणारच नाही, असं हॉएल १९५३मध्ये कॅलिफोर्नियात जाऊन सांगू लागले. फाउलर यांच्या प्रयोगशाळेत शोधल्यावर ती पातळी सापडली, साधारण ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी. आज ही गोष्ट अशी सांगतात: 'मी आहे, मी कार्बनचा आहे, म्हणून ती पातळी असलीच पाहिजे,' असा हॉएल यांचा युक्तिवाद होता. विज्ञानाचे इतिहासकार हेल्गे क्राग यांनी २०१०मध्ये जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं, की १९५३मध्ये असं काही नव्हतं. हॉएल यांना ताऱ्यांतल्या कार्बनचं प्रमाण जुळवायचं होतं. माणूस त्या कथेत नंतर, मागच्या दाराने आला.

मला आक्षेप घ्यायचा आहे तो इथे. लाडक्या वाक्यातला खरा घोटाळा 'धूळ' या शब्दात नाही, 'आपण' या शब्दात आहे.

इंग्रजीत एकच 'वी' आहे. मराठीला 'आम्ही' आणि 'आपण' यांतून निवडावं लागतं. 'आम्ही ताऱ्यांची धूळ आहोत' म्हणून पाहा, लगेच त्यातली फुशारकी ऐकू येते. 'आपण' म्हटलं की समोरचाही आत येतो, म्हणून भाषांतरात सगळे तेच घेतात. पण किती आत येणार? या हिशेबाने नालीतला गाळ ताऱ्यांचा आहे, शिसं आहे, पारा आहे, आर्सेनिक आहे. वाक्य म्हणताना त्यांना कोणी आत घेत नाही. ताऱ्यांनी जे केलं ते जणू आपल्यासाठी, आपल्यापर्यंत येण्यासाठी केलं, असा सूर त्याला आपोआप लागतो. या सुराची तपासणी करायची तर ताऱ्यांनी घडवलेलं द्रव्य पुढे कुठे कुठे जातं, हे पाहावं लागतं.

लोकप्रिय कथेत याचं उत्तर एका शब्दात असतं: स्फोट. मोठा तारा फुटतो, अतिनवतारा होतो, सारं काही अवकाशात उधळलं जातं. हे खरं आहे. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलॅनिक मेघात असा तारा फुटताना दिसला, त्यात किरणोत्सारी कोबाल्टचं लोखंड होताना गॅमा किरणांतून पकडता आलं, आणि नंतर त्या अवशेषांत सूर्याच्या सुमारे निम्म्या वस्तुमानाएवढी धूळ आढळली. नाट्य भरपूर. पण नाट्यापायी आपण शांत ताऱ्यांना विसरतो. सूर्याहून दुप्पट-तिप्पट वस्तुमानाचे तारे फुटत नाहीत. म्हातारपणी ते फुगून तांबडे राक्षसी होतात, त्यांचं पोट आतून ढवळतं, गाभ्याजवळचं द्रव्य वर येतं आणि पृष्ठभागावरून वाऱ्यासारखं वाहून जातं, सेकंदाला दहा-वीस किलोमीटर अशा, ताऱ्यांच्या मानाने निवांत वेगाने. अखेरच्या टप्प्यात वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या लाखाव्या हिश्श्याइतकं. आपल्यातला बराचसा नायट्रोजन आणि कार्बनचा मोठा वाटा या वाऱ्यातून आलेला आहे. म्हणजे निदान अर्धी गोष्ट उधळणीची नाही, फुंकरीची आहे.

या शांत ताऱ्यांनी एक पुरावाही दिला. पॉल मेरिल यांना १९५२मध्ये अशा काही म्हाताऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियम सापडलं. टेक्नेशियमचं कोणतंच रूप टिकाऊ नाही, सर्वांत चिवट रूपही साधारण ४२ लाख वर्षांत निम्मं होतं. तारा त्याहून कितीतरी जुना. म्हणजे ते तिथेच आणि अलीकडेच तयार झालेलं आहे. एका ओळीच्या या पुराव्यापुढे मला आमची सगळी ताराधुळीची भाषणं फिकी वाटली.

आता हिशेब. सगळे तारे घडवलेलं परत देतात का? आपला सूर्य नाही देणार. सुमारे पाचशे कोटी वर्षांनी तो फुगेल, बाहेरचे थर सोडून देईल, पण ते थर मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचेच असतील. त्याने बनवलेला जवळजवळ सगळा कार्बन आणि ऑक्सिजन आतल्या गाभ्यात अडकून राहील. सूर्याच्या आजच्या निम्म्या वस्तुमानाचा हा गाभा म्हणजे श्वेतबटू तारा, आणि तो फक्त निवत जाईल. जोडीला दुसरा तारा असता तर कदाचित त्याचा स्फोट होऊन लोखंड मिळालं असतं. सूर्य एकटा आहे.

जे बाहेर पडतं त्याचंही सगळं कामी येत नाही. लहान दीर्घिकांचं गुरुत्व इतकं दुबळं असतं, की अतिनवताऱ्यांच्या झंझावातात त्यांचं समृद्ध झालेलं द्रव्य हातचं निघून जातं. म्हणून लहान दीर्घिकांत जड मूलद्रव्यं कमी. सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम ८२ या दीर्घिकेतून असा वायूचा लोंढा दोन्ही बाजूंना उसळताना छायाचित्रांत दिसतो. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०११मध्ये दिसलं, की तारे घडवणाऱ्या दीर्घिकांभोवतीच्या विरळ प्रभामंडळातही ऑक्सिजनचा मोठा साठा आहे. त्याहून दूर, दीर्घिकांच्या समूहांमधल्या मोकळ्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू आहे. ययाती तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या समूहात १९७६मध्ये एरियल ५ या उपग्रहाला क्ष-किरणांत लोखंडाची रेषा मिळाली. तिथल्या वायूत लोखंडाचं प्रमाण सूर्यातल्या प्रमाणाच्या साधारण एक तृतीयांश. एवढं लोखंड, ताऱ्यांनी रांधलेलं, आणि ते इतकं तप्त व विरळ की त्यातल्या बहुतेकाचा कधी तारा होणार नाही, दगड होणार नाही, रक्त तर नाहीच. ताऱ्यांच्या कामाचा मोठा भाग कुणाचंही काहीही न होता तरंगतो आहे. 'आपण' त्या ढिगाऱ्यातला एक नगण्य अपवाद.

या कथेच्या सांगण्यात आणखी काय काय पुसलं जातं, ते निबंधाने मला दाखवलं. पहिलं नाव मार्गारेट बर्बिज यांचं आहे. वर्णानुक्रमाने आलेलं असलं तरी शोभणारं. त्या वेळी माउंट विल्सन वेधशाळेत स्त्रियांना निरीक्षणाची परवानगी नव्हती. निरीक्षकांच्या निवासाचं नावच 'मॉनेस्टरी', मठ. वेळ मिळाला नवऱ्याच्या नावावर आणि त्या कागदोपत्री त्याच्या सहायक. दुर्बीण चालवत होत्या त्या. जेफ्री मूळचे सैद्धांतिक भौतिकीचे. १९८३चं नोबेल फाउलर यांना मिळालं, चंद्रशेखर यांच्याबरोबर विभागून. बाकी तिघांना नाही.

दुसरं, बाँब. अतिनवताऱ्याचा प्रकाश ठरावीक गतीने मंदावतो. १९३७मध्ये दिसलेल्या एका अतिनवताऱ्याची चमक साधारण ५५ दिवसांत निम्मी होत गेली होती. निबंधाच्या लेखकांना याचं कारण सापडलं असं वाटलं: कॅलिफोर्नियम-२५४, ज्याचं अर्धायुष्य जवळपास तेवढंच. हे अणुकेंद्र माहीत झालं ते नोव्हेंबर १९५२मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक इथे झालेल्या पहिल्या मोठ्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीच्या राखेतून. त्या चाचणीत एलुगेलॅब नावाचं बेट नाहीसं झालं, आणि एनिवेटॉकच्या लोकांना आधीच तिथून हलवलेलं होतं. त्या राखेवरून ताऱ्यांत न्यूट्रॉनांचा मारा कसा होत असेल याचा अंदाज बांधला गेला. कॅलिफोर्नियमचा तर्क पुढे चुकीचा ठरला. तो प्रकाश निकेल आणि कोबाल्टच्या ऱ्हासाचा असतो. न्यूट्रॉनांच्या वेगवान माऱ्याची कल्पना मात्र टिकली. 'ताऱ्यांची धूळ' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर चमचमतं आकाश येतं. या ज्ञानाच्या एका टोकाला एक बुडालेलं बेट आहे, हे मी शोकसभेत सांगितलं नसतंच. पण निदान मला माहीत असायला हवं होतं.

वेगवान माऱ्याची एक जागा १७ ऑगस्ट २०१७ रोजी दिसली: सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. गुरुत्वीय लहरी आल्या, प्रकाश आला, आणि पुढच्या महिन्यांत नारायणगावजवळच्या जीएमआरटीसह अनेक रेडिओ दुर्बिणींनी त्याचा माग घेतला. वर्तमानपत्रांना त्यात सोनं दिसलं. खरं तर त्या प्रकाशात पहिल्यांदा ठामपणे ओळखलं गेलेलं एकटं जड मूलद्रव्य म्हणजे स्ट्राँशियम, तेही २०१९मध्ये. आपल्या दिवाळीच्या फटाक्यांत लाल रंग असतो त्याचा. स्ट्राँशियमचा मथळा कोण छापणार!

राहिला 'धूळ'. मराठीत धूळ नम्र आहे, पायधूळ झाडायची असते. पण ती धूळ खातही पडते, डोळ्यांत फेकलीही जाते. इंग्रजीतली चकाकी तिच्यात नाही, आणि ते मला बरंच वाटतं. अचूकपणाच हवा असेल तर 'राख' जवळची, कारण ती जळणातून येते. माझ्या मनात मात्र वेगळाच शब्द येत राहिला: उष्टं. सूर्य ज्या मेघातून झाला, त्यातली जड मूलद्रव्यं आधीच्या अनेक ताऱ्यांच्या ताटांतली होती, पुन्हा पुन्हा एकत्र झालेली, कोणती कुणाची ते न सांगता येणारी. उष्टं या शब्दाचा आपल्या समाजातला इतिहास पाहता तो लग्नपत्रिकेवर कोणी छापणार नाही, हे मला कळतं.

खरीखुरी ताऱ्यांची धूळ वेगळी असते, आणि ती सापडलेली आहे. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावापाशी एक अशनी पडला. त्याचा चुरा करून, आम्लात विरघळवून, उरल्यासुरल्यातून सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण मिळतात. ते सूर्याहून जुने आहेत. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांतले काही सातशे कोटी वर्षांचे असू शकतात. कोणत्या तरी म्हाताऱ्या ताऱ्याच्या वाऱ्यात ते गोठले आणि सूर्य जन्मताना न वितळता राहिले. आपण तसे नाही. आपल्यातलं सगळं वितळलं, मिसळलं, ओळख विसरलं. या कणांनी ओळख राखली ती कशाचाही भाग न होता. अशनीचा तो चुरा करताना कुजक्या पीनट बटरसारखा वास येतो, असं अभ्यासकांनी सांगितलं आहे.

आता काकूंचा प्रश्न. त्याला विद्युतदाहिनीत नेलं होतं. त्याच्यातला कार्बन धुराड्यातून वायू होऊन गेला, आणि हवेतला वायू वर्ष-दोन वर्षांत सगळ्या पृथ्वीवर मिसळतो. त्यातला काही पानांत गेला असेल, समुद्रात गेला असेल. लोखंड आणि कॅल्शियम अस्थींबरोबर नदीत गेले. इथून पुढे ताऱ्यापर्यंत जायची एकच वाट: फुगलेल्या सूर्याने पृथ्वी गिळली तर. तो गिळेल की पृथ्वी जेमतेम बाहेर राहील, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. गिळलीच, तर तो ताऱ्यात जाईल खरा, पण पाचशे कोटी वर्षांनी, काकूंसकट, माझ्यासकट, नदीसकट.

काकूंकडे मी त्यानंतर दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांनी चहा केला, त्याच्या लहानपणचं काही सांगितलं. ताऱ्याचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही.